बयाबाई घरत आणि संच

मोरा, उरण
१२ जानेवारी २०२५

केतनराव,

तुझा फोटो पोचला. खाली तू तीन ज्वाळा काढून पाठवल्यास. आग कुठे लागली ते कळलं नाही, पण लागायला वेळ नाही, म्हणून हे पत्र. तुझी आई उद्या ऐरोलीला परत निघते आहे, तिच्या पिशवीतून येईल. फोनवर तुला काही सांगण्यात अर्थ नसतो. तू इकडे "हो मामा, हो मामा" करतोस आणि मागे तुझा कीबोर्ड वाजत असतो. मला ऐकू येतो. बत्तीस वर्षं लोकांचे अँप्लिफायर आणि भोंगे दुरुस्त करतोय, तेही कोणाकडे न शिकता. माझं दुकान कानावर चालतं.

फोटो भिंग लावून पाहिला. प्लेअर सूटकेसमधला आहे. लग्न ठरलेल्या माणसाने सूटकेस घ्यावी, पण आत कपडे ठेवावेत. या प्लेअरच्या दांडीला मागे वजन नाही, म्हणजे सुईचा भार कमी-जास्त करायची सोय नाही. चांगली सुई दोन ग्रॅमने टेकते, ही पाच-सहा ग्रॅमने बसते. तू गाणं लावत नाहीस बाबा, नांगर धरतोस. वर्षभरात त्या खाचांत भात पेरता येईल.

खिडकीत अकरा रेकॉर्डी तिरक्या टेकवल्यास. तुझी खिडकी पश्चिमेची आहे, पंखा लावायला आलो होतो तेव्हा मी तिथे घाम पुसलाय. मार्चपर्यंत त्यांचे पापड होतील. त्यातली एक जांभळी आहे. जांभळा रंग ऐकू येत नाही.

किंमत तुझ्या आईकडून कळली. एकीचे साडेतीन हजार! ह्याच रेकॉर्डी लोकांनी १९९८ साली उरणच्या भंगारात किलोवर घातल्या. मी मधे पडून चाळीस वाचवल्या, तर सगळे मला वेडा म्हणाले. आता तेच वेड तुम्ही बिल देऊन घेता. आणि जुनी घ्यायची तर विकणारा "जवळजवळ नवी" लिहितो. त्या जवळजवळमध्ये बुरशी येते, चहा येतो, पोराबाळांची बोटं येतात.

लग्न वैशाखात. खर्च डोक्यावर असताना हे खूळ कुठून आलं, ते सविस्तर लिही. कागदावर. दोन निळ्या रेघांना मी उत्तर समजत नाही.

हिरामण मामा
(बयाबाई साउंड सर्व्हिस)


ऐरोली
१९ जानेवारी २०२५

मामा,

पाया पडतो, आता कान सोड.

पत्र छापील आहे म्हणून चिडू नकोस. माझं अक्षर बघितलंस तर भिंग फोडशील.

सूटकेसचं तुझं बरोबर आहे. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणतो, डबा उघडला की माल तुमचा. रेकॉर्ड्सचंही तेच. उघडल्याशिवाय ऐकता येत नाही आणि उघडली की परत घेत नाहीत. ऑफिसात आमच्या मजल्यावर सहा जणांकडे प्लेअर आहे. दोघांकडे नुसत्याच रेकॉर्ड्स आहेत, भिंतीवर लावायला. मी निदान वाजवतो.

आता खरं कारण सांगतो. हळदीला आणि लग्नाला धवला कोण म्हणणार? मी नमिताच्या घरच्यांसमोर छाती काढून बोलून बसलोय की आमच्यात धवलारीण असते, ती एकेक विधी गाण्यातून पुढे नेते, तिचा धवला झाल्याशिवाय आमचं लग्न लागलं असं कोणी मानत नाही. ते साताऱ्याचे, त्यांना फार आवडलं. सासरे म्हणाले, "आणि तुमच्या आजीच धवलारीण? वा!" मग आजीला विचारलं, तर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, गला गेला. आई सांगते, आजीने चाळीस-एक वर्षं तोंडच उघडलेलं नाही. आता मांडवात मी मोबाइलवर धवला लावू? अब्रूचा सीन आहे, मामा.

तर ऐक. वाशीचे "खाडीपार रेकॉर्ड्स" म्हणून लोक आहेत, जुन्या स्थानिक रेकॉर्ड्स नव्याने काढतात. त्यांच्या यादीत मला काय दिसावं! "धवले: बयाबाई घरत आणि संच." तुझी ती रेकॉर्ड, जिच्याबद्दल तू मला पाळण्यात असल्यापासून सांगतोयस! पाचशेच प्रती, माझी ३१२ नंबरची. नाव नोंदवून सहा आठवडे थांबलो. प्लेअर तिच्यासाठीच घेतला, बाकीच्या दहा सोबतीला.

आईबरोबर ती पाठवतोय. मी दोनदाच नांगरली आहे. तू आजीला ऐकव. स्वतःचा आवाज ऐकून तिला कंठ फुटला तर सोन्याहून पिवळं. नाही फुटला, तर मांडवात हीच लावू. मोबाइलपेक्षा बरी.

केतन


मोरा
२ फेब्रुवारी २०२५

केतन,

पाकीट उघडण्याआधी मी हात दोनदा धुतले. हे तुझ्यापुरतं ठेव.

१९७९ साली मी सात वर्षांचा होतो. कंपनीचा माणूस मोऱ्याला आला आणि आईला लाँचमधून भाऊच्या धक्क्याला घेऊन गेला. मागे धरायला आमच्या आळीतली पुतळाकाकी होती. धवला एकटीने होत नाही, एक पुढे म्हणते आणि दुसरी मागे धरते. पुढे महिन्याभरात रेकॉर्ड आली. आमच्याकडे वाजवायला मशीन नव्हतं. लग्नाच्या भोंग्यावर लागायची ती लांबून ऐकायची. आमची प्रत वडिलांनी पत्र्याखाली माळ्यावर ठेवली आणि एका उन्हाळ्यात तिची होडी झाली. त्या होडीपायी मी या धंद्यात पडलो. दुकानाला आईचं नाव दिलं. तालुक्यात "रेकॉर्डवाल्या बयाबाईंचा मुलगा" म्हटलं की अजून चहा मिळतो.

एवढं म्हणून आता खाडीपारवाल्यांकडे वळतो.

मधलं भोक चुकलंय. व्हर्नियरने तीनदा मोजलं, अर्धा मिलिमीटर डावीकडे आहे. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात आवाज झोका घेतो, होडीत बसून म्हटल्यासारखा. दुसरं, खरखर. ती रेकॉर्डवर नाही, रेकॉर्डमध्ये आहे! भिंगाखाली खाच स्वच्छ दिसते, चरा नाही, तरी फेऱ्यागणिक टक् वाजतं. म्हणजे यांनी कोणाची तरी झिजलेली जुनी प्रत लावली, तिचे टक् टक् उतरवून घेतले आणि नव्या मालात छापून विकले. वर पाकिटावर सोनेरी अक्षरांत काय, तर "मूळ टेपवरून". यांनी टेप बघितली असेल तर चिकटपट्टीची. नवी कोरी घेतलेली वस्तू पहिल्या दिवसापासून जुनी, हा शोध यांचाच.

तिसरं म्हणजे आवाज मला पातळ वाटतो. घाईत म्हटल्यासारखा. यात काहीतरी आहे. ते सापडेपर्यंत आईला ऐकवणार नाही. चाळीस वर्षांनी तिला स्वतःचा आवाज ऐकवायचा तर तो नीट करून ऐकवीन.

मांडवाच्या दारात लावायला बॅनर सांगून ठेवलाय, "धवल्यांच्या रेकॉर्डच्या सुप्रसिद्ध गायिका श्रीमती बयाबाई घरत यांच्या नातवाचा विवाह". नमिताच्या वडिलांना फोटो पाठव.

मामा


ऐरोली
९ फेब्रुवारी २०२५

मामा,

बॅनरचा फोटो पाठवला. सासऱ्यांनी पलटून विचारलंय की आजींबरोबर सेल्फी मिळेल का.

तुझ्या तक्रारी मी खाडीपारच्या रणजीतला कळवल्या. रणजीत म्हणजे मालक, गायक शोधणारा आणि पार्सल बांधणारा, सगळं एकच. माझ्याच वयाचा आहे. खरखरीबद्दल म्हणतो, "सर, तो व्हिंटेज फील आहे, लोक त्याचेच पैसे देतात." भोकाबद्दल म्हणतो, कारखाना परदेशात आहे, तिकडे सहा महिन्यांची रांग आहे, कारखान्याने पाठवलं ते आम्ही घेतलं. माझी बदलून मागितली तर पाचशेच्या पाचशे संपल्यात. एक जण तीच रेकॉर्ड दुसऱ्या साइटवर अकरा हजारांना विकतोय, न उघडलेली. म्हणजे भोक कुठे आहे हे त्यालाही माहीत नाही!

पण बातमी पुढे आहे. मागणी बघून ते जूनमध्ये दुसरी आवृत्ती काढतायत, बारा इंची, मोठी. तुझ्या चुका ऐकून रणजीत घाबरला नाही, उलट खूश झाला. म्हणाला, "घरचे लोक सापडले! आम्हाला आजींचा फोटो हवा, चार ओळी हव्या, आणि फॉर्मवर त्यांची सही." आजी अख्ख्या पाकिटावर येणार, मामा! नाव मोठ्या अक्षरांत. फॉर्म सोबत ठेवलाय. सही घेऊन आईबरोबर पाठव.

आणि आजीला ऐकवलीस का?

केतन


ऐरोली
९ मार्च २०२५

मामा,

महिना झाला. आई दोनदा मोऱ्याला येऊन रिकाम्या पिशवीने परत आली. म्हणते, दादा दुकानात नुसता बसतो, कोणाचा भोंगा घेत नाही, आणि केतनचं नाव काढलं की "सांग, बघतो" एवढंच म्हणतो. तू आणि एवढंच?

माझा अंदाज आहे की रेकॉर्ड फुटली. फुटली असेल तर सरळ सांग. मी रागावणार नाही, अकरा हजारांना दुसरी मिळते. बाकीच्यांचं मी काय केलं तेही ऐक. खिडकीतून काढल्या, फळीवर उभ्या लावल्या, शनिवारी फळीच भिंतीतून निघाली. वजन सांगितलं नव्हतंस. खालच्या काकू धावत आल्या.

रणजीत रोज विचारतो. नमिताचे वडील रोज विचारतात. आता तरी लिही.

केतन


मोरा
१४ मार्च २०२५

केतन,

रेकॉर्ड धड आहे. मी नव्हतो.

घडलं ते क्रमाने लिहितो. आवाज पातळ का, ते शोधत होतो. आधी माझा प्लेअर तपासला. प्लेटच्या कडेचे ठिपके ट्यूबलाइटखाली स्थिर, म्हणजे फेरे बरोबर. मग रेकॉर्डिंगमधली विजेची घूं पकडली. जुन्या मशीनवर गाणं उतरवताना विजेची बारीक घूं खाली उतरते, आणि आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास ठोक्यांची असते. फार तर एकोणपन्नास. मोबाइलवर मोजली तर त्रेपन्न. सुई उचलली की माझ्या मशीनची पन्नास उरते, टेकवली की शेजारी त्रेपन्न उभी राहते. म्हणजे या लोकांनी जुनी प्रत उतरवतानाच सहा टक्के जोरात फिरवली होती. पाचशे माणसांनी पैसे मोजून ती ऐकली आणि एकालाही कळलं नाही. मला कळलं. त्या दिवशी मी इतका खूश होतो की स्वतःलाच चहा पाजला.

प्लेअरचा स्क्रू फिरवून वेग सहा टक्के उतरवला. घूं पन्नासवर आली आणि आवाज जागेवर बसला. भरदार, छातीतून येणारा, सावकाश.

तो माझ्या आईचा नव्हता.

आई नाकातून म्हणते. भाकऱ्या थापताना गुणगुणते ते मी त्रेपन्न वर्षं ऐकतोय, तिचा सूर मी झोपेतही ओळखीन. ती तिथे होती, पण मागे. पुढे पुतळाकाकी होती. अख्खी रेकॉर्ड.

आईसमोर लावली. पहिलं कडवं संपेपर्यंत ती तांदूळ निवडत होती. मग सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "यी मी नाय. यी पुतळा हाय. मागं बारीक आयकू येतंय ना, ती मी."

"मग नाव तुझं कसं?"

"सायबानी इचारला, सही कोनाला येतं? मना येत व्हती, दुसरी शिकलेली ना मी. पुतळाला कंची येवाला? त्यानी माजा नाव लिवला. तिकरं कागदाव लिवला, आपल्याला काय म्हाईत रेकॉर्डाव बी तोच येल?"

"आल्यावर बोलली का नाहीस?"

"कवा बोलू? रेकॉर्ड आली आनि तू वट्याव उबा ऱ्हाऊन सगल्या आलीला वाचून दावलास. बयाबाई घरत आनि संच! बयाबाई घरत आनि संच! पुतळा तितंच उबी व्हती. ती घरा गेली ती मंग माजे संगं कंच्याच लगनाला आली नाय. एकटीनं कसा म्हनू?"

म्हणजे गळा गेलेला नाही. पुढे म्हणणारी गेली.

आळीतल्या म्हाताऱ्या बायांना सगळ्यांना माहीत होतं म्हणे. मी तालुकाभर सांगत फिरलो, त्यांनी मला फिरू दिलं.

तुझा फॉर्म खणात आहे. आई म्हणते, तू सांगशील तिथं सही करते. केली की झालं, पाकिटावर आईचा फोटो येईल, तुझे सासरे खूश, बॅनर छापून तयारच आहे. रणजीतला त्रेपन्न आणि पन्नास कळत नाही, त्याला आवाज काय कळणार? पुतळाकाकी ऐंशीला टेकलेली, करंजाड्याला नातवाच्या फ्लॅटमध्ये असते. तिच्याकडे प्लेअर असायचं कारण नाही.

दुकानाची पाटी रोज समोर दिसते. कोणाचा भोंगा घेववत नाही. तुझं मत लिही.

हिरामण


ऐरोली
१६ मार्च २०२५

मामा,

पत्र उबेरमध्ये वाचलं, मग पुन्हा घरी वाचलं.

खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मनात आलं की राहू दे ना. एवढी वर्षं गेली, कोणाचं काय बिघडलं? सासऱ्यांना मी काय सांगू, की आमच्या आजी सुप्रसिद्ध मागे-धरणाऱ्या?

नमिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तेच मामा ना, ज्यांनी अर्ध्या मिलिमीटरसाठी तुला चार पानं लिहिली?" आणि चहा ठेवायला गेली. मी तिच्याशी लग्न करतोय, याचा मला त्या दिवशी जरा धाक वाटला.

तर मत असं की सही घेऊ नकोस. रणजीतला मी थोपवतो. पण नुसतं गप्पही बसू नकोस, चाळीस वर्षं सगळे गप्पच बसलेत. करंजाड्याला जा. रेकॉर्ड घेऊन जा. सूटकेस प्लेअर घेऊन जा, तो उचलायला सोपा, तेवढा एक गुण आहे त्यात.

सासऱ्यांचं मी बघतो.

केतन


मोरा
३० मार्च २०२५

केतन,

गेलो होतो.

सूटकेस नेली नाही. तिला वेगाचा स्क्रू नाही, तिच्यावर काकी पुन्हा त्रेपन्ननेच वाजली असती. माझा प्लेअर, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर रिक्षात घालून नेले. सोसायटीच्या वॉचमनला वाटलं मी डीजेवाला आहे, वहीत तसंच लिहून घेतलं त्याने. चौथा मजला, लिफ्ट बंद.

पुतळाकाकी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली. मला ओळखलं नाही. बयाबाईचा हिरामण म्हटल्यावर म्हणाली, "वाचनारा?"

मी रेकॉर्ड लावली. भोक मी आधीच कानशीने रुंद करून ती प्लेटवर मधोमध बसवून घेतली होती, वेग उतरवला होता. काकीने डोळे मिटले. बोट मांडीवर हलत होतं. मला वाटलं आता रडेल, मी रुमालही काढून ठेवला. बाजू संपली तशी डोळे उघडून म्हणाली, "तुजे आयशीला सांग, दुसऱ्या कडव्याला तिनं उशिरा धरला. तवा बी उशिराच धराची."

मग तिचं सुरू झालं. "पुडची तीन कडवी कुटं हाईत?" मी सांगितलं, त्या लहान रेकॉर्डीत एका बाजूला साडेतीन-चार मिनिटंच मावतात. "मंग हलद लागली आनि नवरा तसाच बसला? न्हाऊ कोनी घालाचा त्याला?" मी म्हटलं, कंपनीने कापली. "कंपनीचा लगीन तसाच लागू दे."

मग मी तिला पाकीट दाखवलं आणि कबूल केलं. सहीचं, आईचं, ओट्यावरचं, तालुक्यातल्या सगळ्या चहांचं. ऐकून घेतलं आणि विचारलं, "संच मंजे काय रं?"

मी पाकीट उलटं ठेवलं.

"नातसुनेनं परवा डब्यांचा संच आनला. सात डबं. मी त्यातला कंचा?"

केतन, मला वाटलं होतं ती म्हणेल, आता या वयात नाव घालून काय करायचं, जाऊ दे पोरा. सगळी म्हातारी माणसं तसंच म्हणतात. ही नाही म्हणाली. म्हणाली, "नाव घाल. पुरा घाल. पुतळा पदू ठाकूर. वर घाल. तिचा खाली."

तुझ्या लग्नाचं विचारलं. म्हणाली, "बोलवाला ती येल. तू कोन?"

म्हणून काल आईला घेऊन परत गेलो. चार मजले आईने दोनदा बसून चढले. माझ्यासमोर दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. पन्नास मिनिटं. आतून भांडण ऐकू आलं. कान लावला. तेलाचं कडवं आधी की हळदीचं, यावरून होतं. माफी कोणी मागितली का ते मला माहीत नाही. दार उघडलं तेव्हा दोघींच्या समोर चहाचे रिकामे कप होते आणि आई मागे धरत होती. उशिराच धरत होती.

बॅनर रद्द केला. छापणाऱ्याने निम्मे पैसे कापले, बरोबर केलं.

रणजीतला मी स्वतः लिहितो. तू मधे पडू नकोस.

मामा


(केतन, ही प्रत तुझ्या माहितीसाठी. मूळ पत्र रजिस्टरने गेलं. हिरामण)

मोरा, ता. उरण
२० मे २०२५

श्री. रणजीत यांस,
खाडीपार रेकॉर्ड्स, वाशी

तुमच्या "धवले" या रेकॉर्डीची ३१२ क्रमांकाची प्रत आमच्याकडे आहे. ती मी परत करत नाही, पैसेही मागत नाही. तुम्ही जूनमध्ये दुसरी आवृत्ती काढताय, म्हणून लिहितो.

वेग चुकला आहे. विजेची घूं त्रेपन्नवर येते, पन्नासवर आणा. मोजायचं कसं ते मागच्या पानावर आकृती काढून दाखवलं आहे. जुन्या प्रतीवरून उतरवणार असाल तर त्यात कमीपणा नाही, मात्र पाकिटावर "मूळ टेपवरून" लिहू नका. जुन्या प्रतीवरून उतरवली, असं लिहा. घेणारा पैसे देतो, त्याला काय घेतोय ते कळू दे. जांभळ्या रंगाची कृपया काढू नका.

आता मुख्य. रेकॉर्डीवर नाव "बयाबाई घरत आणि संच" असं आहे. ते चूक आहे. बयाबाई माझी आई. ती या रेकॉर्डीवर मागे धरते. पुढे म्हणणाऱ्या गायिका पुतळा पदू ठाकूर, मुक्काम करंजाडे. ही चूक तुमची नाही, मूळ कंपनीच्या कागदावरची आहे, आणि ती चाळीस वर्षांहून जास्त काळ मोठ्याने वाचून दाखवण्याचं काम आमच्या घरातून, खुद्द माझ्याकडून झालं आहे. नव्या आवृत्तीवर "पुतळा पदू ठाकूर" वर आणि त्याखाली "मागे धरणाऱ्या: बयाबाई घरत" असं यावं. दोन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरांत चालतील, हे पुतळाबाईंना विचारून लिहितो आहे. आधी त्या तयार नव्हत्या.

तुमच्या बारा इंचीवर एका बाजूला वीस मिनिटं मावतात. १९७९ साली कापलेली तीन कडवी माझ्या भाच्याच्या लग्नात, ९ मे रोजी, दोघींनी पूर्ण म्हटली. पुतळाबाईंनी मधे दोनदा थांबून नवऱ्या मुलाला नीट बसवलं आणि एकदा व्याह्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावला. मी दोन माइक लावून ते उतरवलं आहे. खरखर नाही. मागे कुठेतरी एक भोंगा वाजतो, तो माझ्याच दुकानाचा आहे, त्याबद्दल दिलगीर आहे. नावं मी लिहिली तशी छापणार असाल तर ते रेकॉर्डिंग तुम्हाला देतो.

तुमचा फॉर्म सोबत कोरा परत पाठवतो आहे. त्यावर "गायिकेची सही" अशी रेघ आहे. पुतळाबाईंना सही येत नाही. रेघेशेजारी अंगठ्यासाठी दोन इंच बाय दोन इंचाचा चौकोन छापून फॉर्म पुन्हा पाठवा. शाईचा पॅड माझ्याकडे आहे.

आपला,
हिरामण घरत